साडेचव्वेचाळीस तास

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर दरोडा पडला आणि ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले, एवढं बहुतेकांना आठवतं. त्या एका आकड्यात दोन दरोडे आहेत, हे मात्र विसरलं जातं. पहिला शनिवारी दुपारी पडला. दुसरा सोमवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास. मध्ये एक रात्र, एक अख्खा रविवार आणि पुन्हा एक रात्र गेली. पहिला अडवता आला असता का, यावर संगणकातल्या जाणकारांनी वाद घालावा. दुसऱ्याबद्दलचा प्रश्न तुम्हाआम्हालाही विचारता येतो: घर फुटलंय हे कळल्यावर कुणी कुणाला सांगितलं, आणि किती वाजता? म्हणून या घटनाक्रमाचं घड्याळ त्या सोमवारच्या साडेअकराकडे तोंड करून लावलं आहे.

शिरोळात बसून पुण्याच्या बँकेचा हिशेब कशाला, असं कुणी म्हणेल. एक कारण असं की त्या शनिवारी यातले जवळपास ८९ लाख रुपये आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधून निघाले. दुसरं कारण असं की तेव्हा एका मोठ्या बँकेला जो उशीर झाला, तोच आज शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाडच्या ठाण्यांत येणाऱ्या माणसाला होतो. रक्कम तेवढी लहान असते.

शुक्रवार, १० ऑगस्ट : तीन दिवस बाकी

आदल्या दिवशी, ९ ऑगस्टला, मराठा आरक्षणासाठी महाराष्ट्र बंद होता. पुण्यात चांदणी चौकात दगडफेक झाली, जिल्ह्यातल्या काही तालुक्यांत इंटरनेट बंद ठेवावं लागलं. शुक्रवारी राज्याचे पोलीस त्याच धावपळीत होते.

त्याच शुक्रवारी अमेरिकेत एफबीआयने तिथल्या बँकांना एक गोपनीय इशारा पाठवला. येत्या काही दिवसांत जगभरातल्या एटीएममधून एकाच वेळी पैसे उपसण्याचा मोठा डाव होणार आहे, असा त्याचा मजकूर होता. कुठल्या तरी बँकेच्या यंत्रणेत शिरून कार्डांवरच्या मर्यादा काढायच्या, मग बनावट कार्डं घेतलेली माणसं शहराशहरांत एकदम सोडायची, अशी ही रीत. त्या इशाऱ्यात आणखी एक ओळ होती, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: असे डाव बहुधा शनिवार-रविवारी टाकले जातात, शनिवारी बँका बंद व्हायच्या वेळेला.

चोराच्या हातात पंचांग असतं ते हे असं. ११ ऑगस्ट हा महिन्यातला दुसरा शनिवार. २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी देशभरातल्या बँका बंद असतात. त्यात आषाढातली अमावस्या, म्हणजे आपली गटारी. रविवारपासून श्रावण लागणार, म्हणून मटणाच्या दुकानासमोर रांगा. चोरांना गटारी ठाऊक असण्याचं काही कारण नाही, पण दुसरा शनिवार त्यांना नक्की ठाऊक असावा.

शनिवार, ११ ऑगस्ट, दुपारी ३ : साडेचव्वेचाळीस तास बाकी

आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा काय होतं? यंत्र एक विचारणा पाठवतं: हे कार्ड, हा पिन, एवढे पैसे मागतोय, देऊ का? ती विचारणा बँकेच्या ‘स्विच’ नावाच्या संगणकाकडे येते. तो पुढे बँकेच्या मुख्य खातेवहीला विचारतो. खात्यात शिल्लक आहे, पिन बरोबर आहे असं कळलं की उलट निरोप जातो: दे. हे सगळं नोटा मोजायच्या आत उरकतं.

कॉसमॉसच्या बाबतीत चोरांनी या वाटेवर आपला खोटा स्विच आणून बसवला. विचारणा आली की मुख्य खातेवहीला न विचारताच तो ‘दे’ म्हणू लागला. शिल्लक कुणी पाहिली नाही, पिन कुणी तपासला नाही. आणि खातेवहीपर्यंत काही पोचतच नव्हतं, म्हणून बँकेच्या पडद्यावर सगळं जिथल्या तिथे दिसत होतं. ग्राहकांच्या खात्यांतून एक रुपयाही कमी झाला नाही, असं बँकेने नंतर सांगितलं आणि ते खरंच होतं. पैसे गेले ते बँकेचे. पण याचा दुसरा अर्थ असा की एकाही खातेदाराच्या फोनवर ‘आपल्या खात्यातून इतके रुपये वजा’ असा मेसेज आला नाही. आरडाओरडा करणारंच कुणी नव्हतं. तीन हजारांची चोरी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पाच मिनिटांत कळते आणि ऐंशी कोटींची चोरी कुणालाच दिसत नाही, ती यामुळे.

पोलिसांच्या कागदात दुपारी ३ ते रात्री १० अशी वेळ आहे. मुख्य उपसा झाला तो २ तास १३ मिनिटांत. परदेशात २८ देशांमध्ये व्हिसा कार्डांवर सुमारे १२ हजार व्यवहार, त्यांत ७८ कोटी. देशात रुपे कार्डांवर २,८४९ व्यवहार, त्यांत अडीच कोटी. भागाकार करून पाहिला तर मिनिटाला शंभराहून जास्त वेळा कुठे ना कुठे एटीएमचं तोंड उघडत होतं आणि दर मिनिटाला साठ लाख रुपये बाहेर पडत होते. १९०६ साली स्थापन झालेली, शंभर वर्षांवर जुनी सहकारी बँक. तिच्या आयुष्यातली ही सर्वांत महाग दुपार.

तीच दुपार, कोल्हापूर

त्या दुपारपासून रात्रीपर्यंत काही माणसं कोल्हापुरातल्या एटीएमवर फिरत होती. तपासात पुढे आलेला हिशेब असा: ९५ बनावट कार्डं, आणि सुमारे ८९ लाख रुपये. देशातून गेलेल्या अडीच कोटींतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाटा एकट्या कोल्हापूरचा.

८९ लाख म्हणजे पाचशेच्या नोटांत जवळपास अठरा हजार नोटा. एका वेळी दहा हजार निघाले असं धरलं तरी नऊशेच्या घरात व्यवहार होतात. एक कार्ड घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं. सणाच्या तोंडावरची शनिवार संध्याकाळ, एटीएमवर गर्दी असणारच. मागे उभ्या असलेल्या माणसाला हे दिसलं नसेल का? दिसलं असेल, तो वैतागलाही असेल. ‘आवरा की ओ’ म्हणाला असेल आणि पुढच्या एटीएमकडे गेला असेल. दिसलेलं सांगायचं कुणाला, हा प्रश्न आपल्याकडे सांगणाऱ्यालाच पडतो. एक माणूस चार कार्डं घेऊन उभा आहे म्हणून १०० नंबर फिरवणारा अजून मला भेटायचा आहे.

ही माणसं कोण होती? राज्यभरातून पुढे पकडलेल्या आरोपींत एक वेटर होता, एक ड्रायव्हर, एक चपला शिवणारा. एकाकडे औषधशास्त्राची पदवी होती. काहींना सांगण्यात आलं होतं की सिनेमात काम आहे, एटीएममधून पैसे काढतानाचा सीन आहे. महाराष्ट्रातल्या एका टोळीचा म्होरक्या लॅपटॉपवर बसून प्रत्येक व्यवहार पाहत होता. हाताखालच्या कुणी दोन नोटा खिशात घातल्या की तो ओळखायचा आणि कानाखाली जाळ काढायचा. ते सीसीटीव्हीच्या चित्रणात आलं आहे. म्हणजे चोरांची हिशेबवही क्षणाक्षणाला जुळत होती. बँकेची जुळत नव्हती.

तीच दुपार, पुणे : अर्धा तास

गणेशखिंड रस्त्यावरच्या बँकेच्या मुख्य कार्यालयात शनिवारी दुपारी अमेरिकेतून व्हिसा कंपनीचे निरोप येऊ लागले. तुमच्या कार्डांवर जगभरातून हजारोंनी मोठ्या रकमांची मागणी येते आहे, पाहा.

कर्मचाऱ्यांनी पाहिलं. त्यांच्या यंत्रणेत काहीच वावगं दिसेना. दिसणार कसं? खोट्या स्विचने खातेवहीचा कानच कापला होता. सुमारे अर्ध्या तासाने, नको ती जोखीम म्हणून, त्यांनी व्हिसाला सांगितलं: आमच्या कार्डांवरचे सगळे व्यवहार थांबवा.

त्या अर्ध्या तासावर मी बराच वेळ थांबलो. सुट्टीच्या दिवशी कार्यालयात असलेला माणूस, समोर दोन साक्षी. परक्या कंपनीचा निरोप म्हणतो आग लागली, आपला स्वतःचा पडदा म्हणतो काही नाही. आपण कुणीही आपल्या पडद्यावरच विश्वास ठेवला असता. शिवाय ‘सगळी कार्डं बंद करा’ हा निर्णय लहान नाही. ऐन सणाला हजारो खातेदार पेट्रोलपंपावर, दुकानात अडकून पडणार, सोमवारी साहेब विचारणार, कुणाला विचारून केलंत? म्हणून खात्री करून घ्यावी असं वाटणं माणसाला शोभणारंच आहे. फक्त मिनिटाला साठ लाखांचा भाव असला की अर्ध्या तासाच्या खात्रीची किंमत सरासरीने सतरा-अठरा कोटी होते.

आधी थांबवा, मग तपासा. हा क्रम उलटा करायचं धैर्य कारकुनाला एकट्याला येत नसतं. ते वरून लेखी दिलेलं असावं लागतं: अमुक निरोप आला की तमुक माणसाने कुणालाही न विचारता कळ दाबायची, चूक निघाली तर जाब विचारला जाणार नाही.

शनिवार, रात्री १० : साडेसदतीस तास बाकी

पोलिसांच्या नोंदीतली शेवटची वेळ. कार्डं थंडावली. कोल्हापुरात नोटांच्या पिशव्या भरून झाल्या.

रविवार, १२ ऑगस्ट : एक दिवस बाकी

रविवारी व्हिसाने संशयित व्यवहारांची पूर्ण यादी बँकेला दिली. बारा हजार ओळी. अमेरिका, ब्रिटन, रशिया, संयुक्त अरब अमिराती. आता ‘काही नाही’ म्हणायला जागा उरली नव्हती. त्याच रविवारी ब्रायन क्रेब्ज या अमेरिकी पत्रकाराने एफबीआयचा तो शुक्रवारचा गोपनीय इशारा जगजाहीर केला. इशारा वाचकांपर्यंत पोचला तेव्हा त्यात सांगितलेली गोष्ट घडून एक दिवस उलटला होता.

आपल्या तालुक्यात पुराची सवय आहे. कृष्णा आणि पंचगंगा जिथे भेटतात त्या नृसिंहवाडीच्या आसपास राहणाऱ्याला आकडे पाठ असतात: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा, ४३ ला धोका. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती जातंय, हे तासातासाला व्हॉट्सअॅपवर फिरतं. जनावरं कधी हलवायची, दाणे कधी माळ्यावर टाकायचे, हे त्या आकड्यांवर ठरतं. शेजाऱ्याला सांगायचं की नाही असा प्रश्नच येत नाही, पाणी त्याच्याही दारात येणार असतं. पैशाच्या चोरीला असा बंधारा नाही, फुटाची पट्टी नाही. मुख्य म्हणजे ती चोरी झाल्याची लाज वाटते. पूर आला म्हणून कुणी तोंड लपवत नाही. फसलो म्हणून लपवतो. बँकही लपवते, फरक एवढाच की बँकेच्या लाजेला ‘प्रतिष्ठा’ म्हणतात.

त्या रविवारी आणखी एक गोष्ट नव्हती: १९३० हा नंबर. सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीचं आजचं राष्ट्रीय पोर्टल ३० ऑगस्ट २०१९ ला सुरू झालं, म्हणजे या घटनेनंतर वर्षभराने. पैशाच्या फसवणुकीसाठी १५५२६० ही हेल्पलाइन एप्रिल २०२१ मध्ये आली, तिचाच पुढे १९३० झाला. बँकेसारख्या संस्थेला या नंबरची गरज नव्हती म्हणा, पण पाठलाग करणारी जी यंत्रणा त्या नंबरामागे आज उभी आहे, ती तेव्हा कुणाकडेच नव्हती.

ती चालते कशी, हे सांगितलं पाहिजे, कारण ठाण्यात आलेला माणूस बहुधा तेच समजून न घेता आलेला असतो. आपल्या भागातल्या कुठल्याही ठाण्यात ऐकू येईल असा हा संवाद:

“साहेब, परवा पैसे गेल्यात.”

“परवा? मग काका, दोन दिवस काय करत होतासा?”

“त्यो म्हणला हुता, चोवीस तासात परत जमा हुत्यात. म्हणून वाट बघितली. आनि पोरास्नी काय सांगायचं, ऊसबिलाचं पैसं हुतं.”

या दोन दिवसांत काय झालेलं असतं? पैसे पहिल्या खात्यात काही मिनिटं थांबतात. तिथून दोन-चार खात्यांत फुटतात, तिथून आणखी दहा खात्यांत, मग कुठल्या तरी एटीएममधून रोख होऊन निघतात. ही खाती भाड्याची असतात. महिन्याला काही हजार मिळतात म्हणून पासबुक, एटीएम कार्ड, सिम कुणाला तरी वापरायला दिलेली. कोल्हापुरात पंचाण्णव कार्डं घेऊन फिरणाऱ्यांचं काम आता अशी खातीच करतात, आणि खातं देणाऱ्याला ‘सिनेमात काम आहे’ या जातीचंच काहीतरी सांगितलेलं असतं. पोलीस दारात येतात तेव्हा नाव त्याचं निघतं.

१९३० ला फोन लागला की तिकडचा पोलीस चार गोष्टी विचारतो: पैसे कुठल्या बँकेतून गेले, किती, केव्हा, आणि व्यवहाराचा क्रमांक काय. यूपीआयचा असेल तर तो बारा आकडी असतो, मेसेजमध्ये किंवा अॅपच्या इतिहासात सापडतो. फोन करायच्या आधी तो कागदावर उतरवून ठेवावा. घाबरलेल्या माणसाला फोन कानाला लावून मेसेज शोधता येत नाही. हे तपशील एका सामायिक यंत्रणेत चढतात, पैसे ज्या बँकेत गेले तिला लगेच सूचना जाते. रक्कम तिथे असली तर ती अडकवली जाते. पुढे गेली असली तर पुढच्या बँकेला सूचना. असा पाठलाग. पाठलागात पुढे कोण आहे, हे फक्त फोन केव्हा केला यावर ठरतं. मग मोबाइलवर पोच क्रमांक येतो आणि २४ तासांत पोर्टलवर सविस्तर तक्रार भरायची असते. ती राहिली तर पुढचं सगळं अर्धवट.

हेल्पलाइनचा नंबर इंटरनेटवर शोधू नये, हे सांगायलाच हवं. बँकेच्या नावाने खोटे मदत-क्रमांक तिथे पेरलेले असतात आणि एकदा लुटलेला माणूस त्यावर फोन करून दुसऱ्यांदा लुटला जातो. बँकेचा नंबर कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो, तोच घ्यावा.

घरातून होणारा विरोध वेगळाच. “गप बसा, गावभर बोभाटा नको.” रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेला नियम असा की, चूक ग्राहकाची नसेल, बँकेचीही नसेल, तिसऱ्याच कुणी यंत्रणेतून पैसे नेले असतील आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर त्याचं नुकसान शून्य धरायचं. चार ते सात दिवसांत कळवलं तर थोडं सोसावं लागतं. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. सहकारी बँकांना हाच नियम त्याच वर्षीच्या डिसेंबरात लागू झाला. ओटीपी आपणच सांगितला असेल तर हे संरक्षण मिळत नाही, बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं; पण कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे तिथेही घड्याळ आहेच.

पोलीस ठाण्याचंही असंच एक घड्याळ आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याला तक्रार घ्यावी लागते. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत येऊन सही करायची. ‘तुमचं खातं जयसिंगपूरच्या शाखेतलं, तिकडं जावा’ हे उत्तर आता कायद्यात बसत नाही. तपास मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार निरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यालाच करता येतो, त्यामुळे प्रकरण निरीक्षकाच्या टेबलावर जाईपर्यंत थोडा वेळ जातो. अडकलेली रक्कम हातात यायलाही साधारणपणे न्यायालयाचा आदेश लागतो. पण न्यायालय परत देणार कशातलं? जे अडकलं त्यातलं.

तर, रविवार. पुण्यात यादी हातात आहे. बँकेच्या कार्डांच्या वाटेवर चोर बसलेला आहे, हे सिद्ध झालंय. घराचं एक दार फुटलंय म्हटल्यावर दुसरी दारं तपासायची असतात. बँकेचं दुसरं मोठं दार म्हणजे स्विफ्ट, परदेशी बँकांना पैसे पाठवण्याचे निरोप ज्यावरून जातात ती यंत्रणा.

या दारातून चोर आत येतो हे २०१६ पासून सगळ्या जगाला माहीत होतं. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने न्यूयॉर्कला खोटे निरोप गेले, मागणी ९५ कोटी डॉलरची, आणि ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाच्या एका बँकेत जाऊन बसले. गुरुवारी रात्री सुरुवात, कारण ढाक्याला शुक्रवार सुट्टी. शनिवारी-रविवारी न्यूयॉर्क बंद. ढाक्याने ‘पैसे थांबवा’ असा निरोप मनिलाला पाठवला तो सोमवारी, आणि त्या दिवशी तिथे चिनी नववर्षाची सुट्टी. दुसऱ्या दिवशी खाती रिकामी होत गेली. आपल्याकडेही कॉसमॉसच्या सहा महिने आधी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, कुंभकोणमच्या सिटी युनियन बँकेतून स्विफ्टनेच सुमारे २० लाख डॉलर पाठवले गेले होते. तिथे ते हिशेब जुळवताना लवकर लक्षात आलं, म्हणून काही रक्कम वाटेत रोखता आली.

सोमवार, १३ ऑगस्ट, सकाळी साडेअकरा : शून्य

श्रावणातला पहिला सोमवार. बँका उघडल्या. साडेअकराच्या सुमारास कॉसमॉसच्या स्विफ्टमधून हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका खात्यावर १३ कोटी ९२ लाख रुपये गेले. खातेदाराचं नाव एएलएम ट्रेडिंग लिमिटेड.

शनिवारच्या साडेऐंशी कोटींपुढे हा आकडा लहान दिसतो. माझ्या लेखी तोच मोठा आहे. शनिवारी बँकेला काही ठाऊक नव्हतं. सोमवारी ठाऊक होतं.

मंगळवार, १४ ऑगस्ट

बँकेच्या अधिकाऱ्याने चतुःशृंगी पोलीस ठाण्यात फिर्याद दिली. आरोपींच्या जागी त्या हाँगकाँगच्या कंपनीचं नाव आणि बाकी अनोळखी. बँकेने सर्व्हर बंद केले, एटीएम आणि नेट बँकिंग थांबवलं. खातेदारांच्या रांगा लागल्या. तुमचे पैसे सुरक्षित आहेत, असं अध्यक्ष मिलिंद काळे यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन, पुन्हा सुट्टी.

पहिल्या खोट्या व्यवहारापासून फिर्यादीपर्यंत तीन दिवस. ‘परवा पैसे गेल्यात’ म्हणणाऱ्या काकांवर हसायचं असेल तर हे आठवून हसावं.

नंतर

पुणे पोलिसांच्या विशेष पथकाने एटीएमचं सीसीटीव्ही चित्रण आणि आसपासच्या मोबाइल टॉवरच्या नोंदी ताडून पाहिल्या. काही आठवड्यांत अटका सुरू झाल्या, एकूण १८ जण सापडले. महाराष्ट्र सायबर विभागाचे तेव्हाचे प्रमुख ब्रिजेश सिंह यांच्यासाठीही परदेशी दरोड्याची अशी देशी टोळी असणं ही नवी गोष्ट होती. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावल्या. हे सगळे पैसे काढणारे आणि काढून घेणारे.

डाव रचणारे दुसरे. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने कॉसमॉसची चोरी उत्तर कोरियाच्या खात्यावर टाकली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने उत्तर कोरियाच्या लष्करी गुप्तहेर खात्यातल्या तीन संगणकतज्ज्ञांवर बँकांच्या जगभरातल्या अशा चोऱ्यांसाठी आरोपपत्र उघड केलं. त्यांच्यासाठी पैशाची ने-आण करणाऱ्या एका कॅनडियन इसमाला तिथे ११ वर्षं ८ महिन्यांची शिक्षा झाली. कोल्हापुरात एटीएमसमोर थांबलेल्या पोराला हे कुणाचं काम आहे, याची कल्पना असणं शक्यच नव्हतं.

पैशाचं म्हणाल तर हाँगकाँगच्या खात्यातली काही रक्कम तिथल्या बँकेने गोठवली आणि त्यातले काही कोटी पुढे पुण्याला परत आले. २८ देशांतल्या एटीएममधून रोख निघालेले गेले ते गेलेच.

या घटनाक्रमात बसणाऱ्या आणखी दोन तारखा २०१८ च्याच ऑक्टोबरातल्या आहेत. १९ ऑक्टोबर २०१८ ला रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची पहिली चौकट जारी केली; यंत्रणेत काही विपरीत घडलं की रिझर्व्ह बँकेला तत्काळ कळवायचं, हे त्यात आलं. व्यापारी बँकांना २०१६ पासूनच दोन ते सहा तासांची मुदत होती. दुसरी तारीख त्याच्या सतरा दिवस आधीची. मॉरिशसच्या एसबीएम बँकेच्या भारतातल्या कारभारात शिरून चोरांनी पुन्हा तसाच हात मारला, तो २ ऑक्टोबरला. गांधी जयंती, बँका बंद.